कर्ण्याखालचा माणूस

दाजी,

तुमच्याशी बोलायचं म्हणजे आधी तुमच्या समोर यावं लागायचं. उजेड आपल्या तोंडावर पडेल असं उभं राहायचं, शब्द सावकाश सोडायचे, आणि हसत हसत बोलायचं नाही, कारण हसताना ओठ फाकतात आणि तुम्हाला काही कळत नाही. गेली तीन वर्षं ही सवय इतकी अंगात मुरली की तेराव्याला मी गावच्या गुरवाशीसुद्धा तसाच बोललो. पुढ्यात जाऊन, ओठ ताणून. तो बिचारा म्हणाला, "मास्तर, मला ऐकू येतंय की."

आज कागदावर बोलतो आहे. तोंडानं बोलायचं ते वेळेवर बोललो नाही, म्हणून ही पाळी.

अक्काचं लग्न तुमच्याशी ठरलं तेव्हा मी नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. थोरल्या बहिणीचा नवरा कसा असेल याची धास्ती होती. लोक सांगत होते, मुलगा सांगलीला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम शिकलाय, आता स्वतःचं लाऊडस्पीकरचं मशीन घेतलंय, लग्नाकार्याला, जत्रेला भाड्यानं देतो. माणदेशात तेव्हा ज्याच्याकडे मशीन, त्याचं नाव पाच गावांत. लग्नात तुमचंच मशीन, तुमचेच दोन कर्णे, आणि तुम्ही स्वतः मुंडावळ्या बांधून बोहल्यावर. ऐन मंगलाष्टकांच्या वेळी कर्णा शिट्टी मारायला लागला. भटजी थांबले. तुम्ही अंतरपाट बाजूला सारून सरळ उतरलात, मुंडावळ्या खांद्यावर टाकल्यात आणि मांडवाच्या खांबाला बांधलेल्या कर्ण्याच्या तोंडात कान घालून उभे राहिलात. अक्का हातात माळ घेऊन तशीच. माझे वडील मोठ्यानंच म्हणाले, "पोरगी कर्ण्याला दिली म्हणायची." मग सगळा मांडव हसला, तुम्हीही हसलात. मला तुम्ही तेव्हाच आवडलात.

गाणं कसं ऐकायचं ते मला तुम्ही शिकवलंत. मी शाळेत प्रार्थना म्हणून घेणारा मास्तर. मला गाणं म्हणजे शब्द आणि चाल, एवढंच ठाऊक. तुम्ही तबकडी लावायचात आणि डोळे मिटून बोट वर करायचात. "आता बगा मास्तर, ह्यो सारंगीवाला. लय मागं बसलाय, भितीला टेकून. आणि ह्या तबलेवाल्याच्या डाव्या हातात आंगठी हाय. ऐकू आली?" मला काही यायची नाही. तुम्ही परत सुई मागं घ्यायचात. चौथ्या-पाचव्या खेपेला मलाही ती अंगठी ऐकू यायची. खरी होती की तुम्ही ती माझ्या मनात घातली होती, देव जाणे. पण मशीनची घरघर ऐकून आतला कुठला व्हॉल्व्ह चार दिवसांत जाणार हे तुम्ही सांगायचात आणि तो जायचाच. असे कान होते तुमचे. हे लिहून ठेवतो, कारण गावात आता कुणालाच हे आठवत नाही. त्यांना गेल्या तीन वर्षांतला बहिरा शिवराम तेवढा आठवतो. आणि काहींना तर तोही आठवायचा नाही, ते मी पुढे सांगणार आहे.

औंधच्या यमाईच्या जत्रेतून तुम्ही परत आलात तो दिवस माझ्या लक्षात आहे. तीन दिवस तुम्ही दोन कर्ण्यांच्या मधोमध, मशीनच्या पेटीजवळ बसून काढले होते. घरात आलात आणि अक्काला म्हणालात, "कानात रातकिडं बसल्यात गं." अक्का म्हणाली, "तेल सोडू का?" तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे, गात्यात बरं." दोन दिवसांनी आवाज थांबला. पुढच्या जत्रेला थांबायला चार दिवस लागले. त्याच्या पुढच्या वर्षी तो थांबलाच नाही, आणि आपण त्याची चेष्टा करायचं थांबवलं.

माझाही त्यात हात होता, दाजी. शाळेचं स्नेहसंमेलन होतं. तालुक्याहून पाहुणे यायचे होते आणि मला मिरवायचं होतं. मी तुम्हाला म्हणालो, "आवाज वाढवा, शेजारच्या वाडीला कळू दे आपल्याकडे कार्यक्रम आहे ते." तुम्ही म्हणालात, "मास्तर, काटा शेवटाला टेकलाय." मी म्हणालो, "मग दुसरा कर्णा पण इकडंच वळवा." तुम्ही वळवलात. तुमची पेटी बरोबर त्याच्या तोंडाखाली आली. चार तास तुम्ही तिथंच होतात. जाताना मी विचारलं, "कसं झालं?" तुम्ही म्हणालात, "काय?" मला वाटलं कौतुक पुन्हा ऐकायचंय. मी पुन्हा विचारलं. तुम्ही पुन्हा म्हणालात, "काय?"

आधी बारीक आवाज गेले. अक्काच्या बांगड्या गेल्या. ती मागून आली की तुम्ही दचकायला लागलात. सायकलची घंटी गेली. मग सुमी. तुमची एवढीशी लेक पातळ आवाजात काहीतरी सांगायची आणि तुम्ही अक्काकडे बघायचात, अक्का ते जाड आवाजात परत सांगायची. शेवटी पोरगी बापाशी बोलायचं ते आईलाच सांगायला लागली. हे घरातलं. बाहेरचं मला विट्याकडच्या एका लग्नात कळलं. तुम्ही मशीनवर होतात. कर्ण्यातून असा चिरका आवाज येत होता की बायका पदरानं कान झाकून बसल्या होत्या. एक म्हातारी ओरडली, "आरं, पत्रा फाडतोयास का गानं लावतोयास?" तुम्ही हसून मान डोलावलीत. तुम्हाला वाटलं, ती गाणं आवडलं म्हणतेय. मी पेटीजवळ आलो आणि बघितलं. तुम्हाला बारीक सूर ऐकू येत नव्हते, म्हणून तुम्ही बटण फिरवून फिरवून तेच वर काढत होतात. सगळ्या मांडवाच्या कानात सुया जात होत्या आणि तुमच्यापर्यंत एकही पोचत नव्हती.

त्या आठवड्यात मी तुम्हाला मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर वयस्कर, शांत. त्यांनी लोखंडी चिमटा टेबलावर आपटून तुमच्या कानाशी धरला, मग कानामागच्या हाडावर टेकवला. तुम्ही सांगत होतात, आता येतंय, आता न्हाई. चिमटा अजून वाजत होता. मला तो चार हातांवरून ऐकू येत होता आणि तुम्ही म्हणत होतात, न्हाई.

डॉक्टर म्हणाले, "कानाच्या आत बारीक केस असतात. ज्वारीच्या पिकासारखे. वाऱ्यानं लवतात, परत उभे राहतात. पण रोज त्यावर गुरं घातली, तर उभं राहायचं बंद करतात. तुमची निम्मी शेती गेली. ती परत येणार नाही. औषध नाही, ऑपरेशन नाही."

मी हे तुम्हाला समोर येऊन सांगितलं. तुम्ही डॉक्टरांकडे बघून म्हणालात, "मग ऱ्हायलेली?"

"राहिलेली राखता येईल. कर्ण्यापासून लांब बसा, वीस-पंचवीस पावलं तरी. बाजूला बसा, तोंडासमोर नको. आवाज निम्मा करा. तासाभरानं उठून शांत जागी जाऊन बसा. कानात शिट्टी वाजायला लागली, म्हणजे कान ओरडून सांगतोय असं समजा."

"कापूस घालतो की मी."

"नुसता कापूस म्हणजे पुराला कुडाचं दार. काही होत नाही त्यानं."

येताना यष्टीत तुम्ही खिडकीशी आणि मी तुमच्याकडे तोंड करून वाकडा बसलो होतो. मी म्हणालो, "आवाज कमी करायचा, दाजी. बस. एवढंच."

"मास्तर, आवाज कमी करून गानं ऐकायचं म्हंजी जेवान हुंगून उठायचं. छातीत घुमलं पायजे. न्हाईतर ते गानं न्हवं, निरोप हाय."

"आणि उद्या निरोपसुद्धा येणार नाही, मग?"

तुम्ही खिडकीबाहेर बघायला लागलात. तुमच्याशी भांडताना हीच अडचण होती. तुम्ही तोंड फिरवलंत की माझं बोलणं संपलं. तासगाव येईपर्यंत मी तुमच्या मानेकडे बघत बसलो. मला अजून पुष्कळ बोलायचं होतं. गाणं छातीत घुमायचं असेल तर ते आधी कानातून जातं, कान हे काही पायताण नव्हे की झिजलं तर दुसरं आणलं. हे सगळं तिथंच राहिलं.

तरी तुम्ही ऐकलंत. स्वतःसाठी नव्हे, पण ऐकलंत.

पुढच्याच जत्रेत तुम्ही चुन्याची फक्की घेऊन आलात आणि कर्ण्याच्या खांबापासून पावलं मोजून जमिनीवर मोठी गोल रेघ ओढलीत. लोकांना वाटलं, कुस्तीचा फड आहे. तुम्ही पोरांना हाकलत होतात. "ह्या रेघंच्या आत एक बी पोरगं दिसता कामा नये!" एक गडी लेकराला खांद्यावर घेऊन मुद्दाम कर्ण्यापाशी आला. पोराला भोंग्यात बघायचं होतं. तुम्ही त्याला अडवलंत.

तो म्हणाला, "आवं, ऐकू द्या की प्वाराला."

"जलमभर ऐकू यावं म्हनून सांगतोय. माग हो."

"तुमचा काय संबंध?"

"माजा संबंध?" तुम्ही त्याचा हात धरून आपल्या कानावर ठेवलात. "वरड. काय बी वरड हितं. शिव्या दे मला. बग, कळत्यात का."

तो गडी पोराला घेऊन मागे गेला. तुम्ही दोन-दोन तबकड्या झाल्या की मशीन बंद करायचात. लोक ओरडायचे. तुम्हाला ते ऐकू यायचं नाही, आणि तेवढ्यापुरता तो गुणच झाला. "कान थंड हू द्या," म्हणून तुम्ही तमाखू मळत बसायचात. माझ्या वर्गातली कितीतरी पोरं त्या रेघेबाहेर बसून गाणी ऐकून मोठी होतायत. आज वर्गात मागच्या बाकावरच्या पोरानं पेन्सिल पाडली तर पुढचा वळून बघतो. दाजी, हे तुमचं देणं आहे. असं मी तुम्हाला एकदाही म्हणालो नाही.

त्या रेघेपायी तुमच्या जत्रा गेल्या. एका गावच्या पंचांनी स्पष्ट सांगितलं, "आवाज दुसऱ्या गावाला गेला पायजे. न्हाईतर आमी दुसरं मशीन बगतो." तुम्ही नाही म्हणालात. त्यांनी दुसरं मशीन बघितलं. मग दुसऱ्या, तिसऱ्या गावानं. आणि मग दुष्काळच आला. लग्नं घरात चार माणसांत व्हायला लागली, जत्रेत नारळ फोडून लोक परतू लागले. गावातले तुमच्या वयाचे गडी मुंबईला गिरण्यांत गेले. तुम्हीही एकदा निघाला होता. अक्कानं जाऊ दिलं नाही. म्हणाली, "तिथं मोटारीचा भोंगा मी ऐकून सांगू का त्यास्नी?"

म्हणून सरकारी दुष्काळी कामातलं पाझर तलावाचं काम. गावापासून दीड कोसावर, अक्का आधीपासून तिथं पाट्या टाकत होती. रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीवर आणि कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीवर सगळा गाव जगत होता. तुम्ही नाव घालायला गेलात. तिथं खडक फोडायला सुरुंग लावत होते, म्हणून कामावरचे साहेब प्रत्येकाला चार प्रश्न विचारून बघत. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की शिवरामला कमी ऐकू येतं. ते म्हणाले, "मास्तरांची चिठ्ठी आणा. तुमचे मेहुणे आहेत ना? त्यांनी लिहून दिलं तर घेतो."

तुम्ही शाळेत आलात. मधली सुट्टी होती. बाहेर पोरं खेळत होती आणि तुम्ही खुर्चीवर न बसता दारात उभे राहिलात. मला तुम्ही कधी काही मागितलं नव्हतं.

"मास्तर, एवडं लिवून द्या. मी त्यांच्या तोंडाकडं बगून समदं वळखतो. कुनाला कळनार न्हाई."

"सुरुंगाचं काम आहे दाजी. शिट्टी ऐकू येईल का?"

"हाताशी अक्का हाय की तुमची. ती हात करंल. आवं, दोन महिनं घरात बसून बायकूच्या कमाईची भाकरी खातोय मी. सुमी बगती माझ्याकडं."

मी लिहून दिलं. शाळेच्या कागदावर, खाली सही करून. 'सदर इसमास ऐकण्यात कोणताही दोष नाही.' लिहिताना माझा हात थांबला नाही, हे कबूल करतो. मला वाटत होतं मी उपकार करतो आहे. मी तुमच्याबरोबर कामावर आलो. साहेबांनी तुम्हाला नाव, गाव, वय विचारलं. तुम्ही ओठ वाचून बरोबर सांगितलंत आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावलात. त्या दिवशी तुम्ही फार दिवसांनी खुशीत होतात. वाटेत गुणगुणत होतात. सूर चुकत होता आणि तुम्हाला ते कळत नव्हतं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. अक्कानं सांगितलं ते लिहितो.

दुपारी जेवणाच्या आधी बार उडवायचे होते. शिट्टी झाली, लाल बावटा लागला, माणसं बांधापलीकडे गेली. अक्काला वाटलं तुम्ही गड्यांच्यात आहात. गड्यांना वाटलं तुम्ही बायकोजवळ आहात. तुम्ही खाली ओढ्याच्या वळणाला डबक्यावर हातपाय धुवायला गेला होता. वात पेटवून सुरुंगवाला पळत वर आला आणि तेवढ्यात तुम्ही वळणावरून दिसलात. खाली दगडधोंड्यांची वाट, म्हणून पायाकडे बघत चालला होता.

दोनशे माणसं एकदम ओरडली. "बार हाय! माग फीर! बार हाय!" तुम्ही चालतच होतात. अक्का धावली, तिला दोघींनी कमरेला मिठी मारून धरलं. एका म्हाताऱ्यानं पटका सोडून हवेत हलवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच हात हलवले. तेव्हा कुठे तुम्ही वर बघितलंत. बांधावर सगळा गाव उभा, सगळे हात करतायत. तुम्ही थांबलात. आणि मग तुम्हीही हात वर केलात, आणि भराभर पुढे चालायला लागलात.

अक्का म्हणते, तुम्हाला वाटलं जेवायला बोलावतायत.

मी पोचलो तेव्हा तुम्हाला घोंगडीवर घेतलं होतं. डोक्याला एकच दगड लागला होता, बाकी अंग धड होतं. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यानं माणसांचे जबाब घेतले. सगळ्यांनी पाहिलं तेच सांगितलं. दोनशे माणसं ओरडली, तरी हटला नाही. बायकोनं हाक मारली, तरी हटला नाही. वर बघितलं, हात वर करून रामराम केला, आणि सरळ सुरुंगावर चालत गेला. अधिकाऱ्यानं मस्टरला लावलेली माझी चिठ्ठी काढली.

"मास्तर, ही तुमचीच ना? यांना ऐकू येत होतं?"

अक्का दहा हातांवर तुमच्या उशाशी बसली होती. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. चिठ्ठी खोटी निघाली तर नोकरी जाणार, कदाचित त्याहून पुढचंही, हे माझ्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं. दाजी, तुमचा देह समोर होता, आणि मी माझा विचार केला.

मी म्हणालो, "हो. येत होतं."

अक्कानं मान खाली घातली. तिनंही काही सांगितलं नाही. पंचनाम्यात लिहिलं गेलं की मयतानं इशारा मिळूनही जाणूनबुजून जीव दिला. दोन दिवसांत तेच गावाचं झालं. दुष्काळाला कंटाळला. धंदा बुडाला. बायकोच्या जिवावर खायची लाज वाटली. जाताना हात करून गेला, लय धीराचा गडी. तुमच्याबद्दल लोक चांगलं बोलत होते, दाजी, आणि त्यातला एक शब्दही खरा नव्हता. तुम्हाला ऐकू येत नव्हतं हे ज्यांना ठाऊक होतं, तेसुद्धा म्हणू लागले की थोडं थोडं येत असणार, मास्तरांनीच लिहून दिलंय ना.

मी तेरा दिवस गप्प राहिलो. पिंडाला कावळा लवकर शिवेना तेव्हा सगळे म्हणाले, काहीतरी मनात राहिलंय. सगळ्यांनी तुम्हाला वचनं दिली. सुमीचं शिक्षण, अक्काचं बघणं. मीही दिलं. जे सांगायला हवं होतं ते सोडून बाकी सगळं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सुमी शाळेतून माझ्याबरोबर घरी येत होती. वाटेत माझा हात सोडून ती माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली. घरात तुमच्यामुळं सगळ्यांना तशीच सवय लागली होती. ओठ सावकाश हलवत तिनं विचारलं, "मामा, आबांनी आमाला टाकून जीव दिला व्हय?"

मी तिला तिथंच सांगितलं. नाही. त्यांना ऐकू आलं नाही. ते तुझ्या आईकडे जेवायला येत होते.

घरी जाऊन अक्काला विचारलं, "तू त्या दिवशी का बोलली नाहीस?"

ती चुलीपुढं होती. वळलीसुद्धा नाही. "तुजी चिठ्ठी व्हती. धनी गेलं. भाऊ तरी ऱ्हाऊ दे म्हनलं."

"आणि लोक बोलतायत ते?"

"ते मी गिळत हुते." मग ती वळली. "पर तुला कसं गिळलं रं, वसंता? मी बाईमानूस, अडानी. तू मास्तर."

दुसऱ्या दिवशी मी दहिवडीच्या कचेरीत गेलो आणि सगळं लिहून दिलं. मिरजेच्या डॉक्टरांचा कागद जोडला. चिठ्ठी खोटी होती, ती मी जाणूनबुजून दिली, आणि चौकशीत विचारल्यावरही खोटं बोललो. अधिकाऱ्यानं कागद वाचून बाजूला ठेवला. "मास्तर, हे नोकरीवर येणार," म्हणाला. मी म्हणालो, येऊ द्या. धीरानं म्हणालो असं नाही. काल शाळाखात्याचा लखोटा आला, चौकशी होईपर्यंत वर्गावर जायचं नाही. हे तुम्हाला सांगून तुमच्याकडून माफी काढावी, असा माझा डाव नाही. ती शिट्टी ऐकू येईल का, असं मी तुम्हाला शाळेच्या दारात विचारलं होतं. उत्तर मला ठाऊक होतं. तुम्ही माणसाच्या तोंडाकडे बघून सगळं ओळखायचात. मग माझ्या तोंडावर त्या दिवशी काय होतं, ते तुम्ही वाचलंत का, एवढंच मला विचारायचं राहिलं.

जबाबाची नक्कल घेऊन मी आज सकाळी अक्काकडे गेलो. ती दारात बसून मिलो निवडत होती. सुमी शेजारी. आळीत बायका पाण्याला निघाल्या होत्या, समोरच्या कट्ट्यावर चार गडी बसले होते. मी तिच्याजवळ टेकून हळू आवाजात वाचायला लागलो.

"मोठ्यानं," अक्का म्हणाली.

मी जरा आवाज चढवला.

"आजून मोठ्यानं. समद्या आळीला ऐकू जाऊ दे."

मग मी उठलो. रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो आणि वर्गाला वाचून दाखवावं तसं एकेक शब्द तोडून वाचलं. मयत शिवराम यांस ऐकू येत नव्हते. ही गोष्ट मला ठाऊक होती. बांधावरील माणसे आपणांस बोलावीत आहेत असे समजून ते पुढे चालत आले. त्यांनी जीव दिला नाही.

बायका घागरी घेऊन थांबल्या. कट्ट्यावरच्या एकानं डोक्याची टोपी काढून हातात घेतली. मी कागदाची घडी घालायला लागलो.

अक्कानं सुमीला उठवून स्वतःजवळ उभं केलं. तिचे दोन्ही खांदे धरून तिचं तोंड माझ्याकडे वळवलं.

"परत वाच," ती म्हणाली.

मी परत वाचलं.